पालिकेचं रंगमंदिर आणि ओस पडणारी पेठ: दोघांना एका हिशेबात कसं आणायचं

रात्रीचा प्रयोग सुटतो तेव्हा रंगमंदिराच्या दारात उभं राहून पाहा. पाच-सहाशे माणसं एकदम बाहेर येतात. नाटक अजून डोक्यात असतं, कुणाशी तरी बोलायचं असतं, चहा हवा असतो. समोर शटरं पडलेली, रस्त्यावरचे दिवे एकाआड एक लागलेले, पानटपरीवालाही आवराआवर करत असतो. दहा मिनिटांत सगळे गाड्या काढून घरी जातात आणि रस्ता मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावरचा कापड दुकानदार म्हणतो, ‘संध्याकाळी गिऱ्हाईकच उरलं नाही हो.’

रंगमंदिर पालिकेचं, रस्ता पालिकेचा, दिवे पालिकेचे, पुष्कळदा तळमजल्यावरचे गाळेही पालिकेचेच. पण रंगमंदिराची फाइल एका विभागात, गाळ्यांची मालमत्ता विभागात, दिव्यांची विद्युत विभागात आणि फेरीवाल्यांची अतिक्रमण विभागात. चारही फाइली एका टेबलावर कधी येत नाहीत, म्हणून प्रयोग सुटलेला प्रेक्षक आणि गिऱ्हाईक शोधणारा दुकानदार यांची गाठ पडत नाही.

हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं काम करताना तारखांसाठी पालिकेच्या पायऱ्या मी खूप झिजवल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. रंगमंदिर मोजायचं ते तारखांत. खुर्च्या, एसी, दर्शनी भाग हे सगळं नंतर येतं. दिवे न लागलेली प्रत्येक संध्याकाळ नाटकवाल्यांचं नुकसान तर करतेच, पण त्याहून जास्त नुकसान पेठेचं करते. म्हणून हा लेख पालिकेच्या अधिकाऱ्यांइतकाच नगरसेवक, नाट्य परिषदेच्या शाखा आणि व्यापारी संघटना यांच्यासाठीही आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने घ्या, कारण क्रम चुकला की पैसा वाया जातो.

आधी जागेकडे नीट पाहा

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदान उभारलं आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर बांधलं. ते १९१५ मध्ये सुरू झालं आणि पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. तिथून भवानी मंडप, अंबाबाईचं मंदिर, महाद्वार रोड हे सगळं पायी चालण्याच्या टप्प्यात आहे आणि खाऊ गल्ली तर शेजारीच. ठाण्यात १९७८ साली गडकरी रंगायतन झालं ते मासुंदा तलावाच्या काठी. प्रयोगाआधी तलावपाळीवर एक फेरी मारणं हा नाटकाला जाण्याचाच भाग झाला. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चं. त्याच्या आवारातच कलादालन असल्यामुळे नाटक नसलं तरी माणसाला आत शिरायला कारण असतं.

या जागा निवडणाऱ्यांना माणसं कुठून चालत येतात हे ठाऊक होतं. पुढे अनेक शहरांत शहराबाहेर आरक्षित भूखंड मोकळा सापडला म्हणून रंगमंदिर तिकडे गेलं. तिथे माणूस गाडीने येतो, गाडीने जातो आणि वाटेत एक रुपया खर्च करत नाही. तुमचं जुनं रंगमंदिर पेठेत असेल तर ‘पार्किंग नाही’ म्हणून ते बंद करून बाहेर नवं बांधण्याच्या प्रस्तावाला जोरात विरोध करा. पार्किंगचा प्रश्न सोडवता येतो. गमावलेली जागा परत मिळत नाही.

पायरी १: एका वर्षाची डायरी मांडा

कुठलाही आराखडा करण्याआधी रंगमंदिराचं मागच्या वर्षाचं बुकिंग रजिस्टर मागवा. रोज सकाळ, दुपार आणि रात्र अशी तीन सत्रं धरली तर वर्षाला १,०९५ सत्रं होतात. प्रत्येक सत्रापुढे एकच नोंद करा: व्यावसायिक नाटक, हौशी नाटक, गाणं किंवा नृत्य, शाळेचं स्नेहसंमेलन, सरकारी कार्यक्रम, राजकीय मेळावा, खासगी कंपनीची सभा, दुरुस्तीसाठी बंद, रद्द झालेलं, रिकामं. रद्द झालेल्या सत्रापुढे आणखी एक नोंद हवी: किती दिवस आधी रद्द झालं आणि कुणी केलं.

दोन माणसांचं चार-पाच दिवसांचं काम आहे, पण त्यातून जे दिसतं ते भल्याभल्या सल्लागाराच्या अहवालात सापडत नाही. ‘आमचं रंगमंदिर वर्षभर बुक असतं’ असं सांगणाऱ्या ठिकाणी शनिवार-रविवार भरलेले आणि सोमवार ते गुरुवारच्या रात्री जवळजवळ रिकाम्या निघतात. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनांची गर्दी असते, तर जून ते ऑगस्टमध्ये शुकशुकाट. ‘बुक’ म्हणून दाखवलेल्या काही तारखा कुणीतरी नुसत्या अडवून ठेवलेल्या असतात.

आता त्या रिकाम्या रात्रींचा पेठेशी हिशेब घाला. समजा रंगमंदिर ८०० खुर्च्यांचं आहे आणि एका प्रयोगाला ६० टक्के प्रेक्षक आले. ही ४८० माणसं झाली. त्यातल्या निम्म्यांनी जरी आधी किंवा नंतर आसपास १०० रुपये खर्च केले, तरी त्या एका रात्रीत पेठेत २४,००० रुपये फिरतात. अशा १०० संध्याकाळी वाढल्या तर वर्षाला २४ लाख. आकडे तुमच्या शहराचे घाला, पण हे गणित एकदा कागदावर मांडून व्यापारी संघटनेसमोर ठेवा. रंगमंदिराचं भाडं ५,००० ने वाढवायचं की कमी करायचं या वादात पालिका नेहमी फक्त आपली पावती पाहते. रस्त्यावरचा पैसा त्या पावतीत येत नाही.

पायरी २: संध्याकाळी सहा ते अकरा, पायी

रंगमंदिराच्या दारातून निघा आणि सात-आठ मिनिटांच्या अंतरातल्या सगळ्या गल्ल्या पायाखाली घाला. एकदा प्रयोग असलेल्या दिवशी, एकदा नसलेल्या. सोबत एक व्यापारी, एक नाटकवाला, विद्युत विभागाचा एक माणूस आणि किमान एक स्त्री असू द्या. तिला कुठल्या बोळात शिरावंसं वाटत नाही, हे नकाशावर आधी लिहा.

काय पाहायचं? दुकानं किती वाजता बंद होतात. बंद दिवे कुठे आहेत. स्वच्छतागृह कुठे आहे आणि रात्री त्याला कुलूप असतं का. रिक्षा कुठे थांबतात. शेवटची सिटी बस किती वाजता सुटते. वरचे मजले किती रिकामे आहेत किंवा नुसती गोदामं झाली आहेत. पूर्वी पेठेत दुकानदार खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असा राहायचा. मुलं मोठी झाली, फ्लॅट घेऊन बाहेर गेली, वरचे मजले ओस पडले आणि रस्त्यावर नजर ठेवणारी खिडकीच राहिली नाही. पेठ रात्री निर्मनुष्य होते त्यामागे मॉलइतकंच हेही कारण आहे.

दुकानदारांना तीनच प्रश्न विचारा. प्रयोग कधी आहे हे तुम्हाला कळतं का? कळलं तर तासभर जास्त उघडं ठेवाल का? नसाल ठेवत, तर अडचण काय? पहिल्याचं उत्तर बहुतेक ‘नाही’ येईल. शेजारच्या रंगमंदिरात आज काय आहे हे शेजारच्या दुकानदाराला कळवायची सोयच कुणी केलेली नसते. ही गोष्ट फुकटात आणि एका आठवड्यात करता येते: दर सोमवारी आठवड्याचा कार्यक्रम व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

पायरी ३: तारखांचं वाटप उघड्यावर आणा

सगळं घोडं इथे अडतं, म्हणून या पायरीवर मी जास्त थांबणार आहे.

तारखा वाटण्याची पद्धत धड नसेल तर तीन रोग जडतात. एक, तारखा अडवणं: एखादी व्यक्ती किंवा संस्था चांगल्या रविवारच्या तारखा आधीच घेऊन ठेवते आणि मग गरजूला जास्त पैशात सोडते. दोन, तारीख काढून घेणं: तिकिटं विकली गेलेली असताना ‘साहेबांचा कार्यक्रम आहे’ असा फोन येतो. आमच्या एका प्रयोगाची तारीख अशीच चार दिवस आधी गेली. नेपथ्याचा टेम्पो, लाइटवाल्याची उचल, छापलेली तिकिटं, सगळ्याचा भुर्दंड संस्थेच्या पोरांनी वर्गणी काढून भरला. त्यातली दोघं पुन्हा नाटकाकडे फिरकली नाहीत. तीन, कुणाला काय मिळालं हे कुणालाच न कळणं. त्यातून संशय वाढतो आणि संस्था एकमेकींशी भांडत बसतात.

उपाय असा. दर तिमाहीच्या तारखांचं वाटप एकाच दिवशी, सर्व अर्जदारांसमोर करावं. एकाच तारखेवर दोन अर्ज आले तर चिठ्ठी. प्रत्येक महिन्यातल्या काही तारखा आधीच राखून ठेवाव्यात, म्हणजे दोन शनिवार-रविवार व्यावसायिक नाटकांना, एक शनिवार-रविवार स्थानिक हौशी संस्थांना आणि एक गाणं-नृत्य-बालनाट्याला. सरकारी व राजकीय कार्यक्रमांसाठी सोमवार ते गुरुवारच्या दिवसा भरणाऱ्या सत्रांचा वेगळा कोटा ठरवावा आणि ठरावात स्पष्ट लिहावं की एकदा दिलेली तारीख निवडणूक आयोगाचा आदेश किंवा आपत्ती याखेरीज काढून घेतली जाणार नाही. काढून घेतलीच, तर झालेला खर्च पालिका भरेल. हे शेवटचं वाक्य ठरावात घालायला फार विरोध होतो, पण बाकी नियमांना वजन त्याच एका वाक्यामुळे येतं.

तारीख दुसऱ्याच्या नावावर चढवायला पूर्ण बंदी हवी. पावती ज्या नावाची, प्रयोगही त्याच संस्थेचा. रद्द करण्याचे नियम साधे ठेवा: ३० दिवस आधी कळवलं तर अनामत पूर्ण परत, १५ दिवस आधी कळवलं तर निम्मी, त्यानंतर जप्त. पण ती तारीख दुसऱ्या कुणी घेतली तर जप्त केलेली रक्कमही परत द्यावी. म्हणजे रद्द करणारा स्वतःच पर्याय शोधतो आणि रात्र रिकामी जात नाही.

पूर्ण वर्षाची दिनदर्शिका पालिकेच्या संकेतस्थळावर आणि तिकीट खिडकीशेजारच्या फळ्यावर दिसली पाहिजे, नावांसकट. फळा मुद्दाम सांगतो आहे. संकेतस्थळ बंद पडतं, फळा पडत नाही.

अर्ज घेतानाच नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र आहे का ते पाहून घ्यावं. ऐन दिवशी कागद मागितला की प्रयोगाचा खोळंबा होतो.

पायरी ४: भाडं ठरवताना एका सत्राचा खरा खर्च काढा

महापालिकांसाठीच्या १९४९ च्या अधिनियमात पाणी, सांडपाणी, सफाई ही बंधनकारक कामं आहेत. रंगमंदिर त्या रांगेत नाही, ते ऐच्छिक कामात येतं. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक बाबींना चालना देणं हे नागरी संस्थांच्या विषयांत जरूर आहे, पण तंगी आली की कात्री पहिल्यांदा इथेच लागते. म्हणून रंगमंदिराचं स्वतंत्र लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं वेगळं खातं) करून घ्या आणि येणाऱ्या भाड्यातला ठरावीक हिस्सा देखभाल निधी म्हणून बाजूला काढण्याचा ठराव मंजूर करून घ्या. एरवी भाडं पालिकेच्या सामान्य निधीत जातं आणि फाटलेली झालर शिवायला तीन महिने मंजुरी लागते.

एका सत्राचा खर्च काढणं अवघड नाही. वीज (यात एसीचा वाटा सर्वांत मोठा), सफाई, सुरक्षा रक्षक, तंत्रज्ञांचे पगार आणि वर्षभराच्या दुरुस्तीचा सत्रांवर विभागलेला खर्च. एसीचं मीटर वेगळं घेतलंत तर तालमीला आणि नेपथ्य लावायच्या वेळेला एसी न लावता कमी दर देता येतो.

मग दराचे टप्पे पाडा. कंपन्यांच्या सभा आणि राजकीय मेळाव्यांना खर्चापेक्षा बराच जास्त दर. व्यावसायिक नाटकांना शनिवार-रविवारी खर्चाइतका, मधल्या वारी त्याहून कमी. स्थानिक हौशी संस्था, बालनाट्य आणि एकांकिका यांना फक्त वीज-सफाईचा दर. नव्या नाटकाच्या पहिल्या काही प्रयोगांसाठी किमान भाडं अधिक तिकीटविक्रीचा ठरलेला टक्का अशी पद्धतही करून पाहावी. गल्ला कमी आला तर संस्था बुडत नाही, जास्त आला तर पालिकेलाही मिळतं. लेखापरीक्षणात प्रश्न नको असेल तर हे सगळं सर्वसाधारण सभेच्या दरपत्रकात आधीच असायला हवं. ऐनवेळी दिलेली सूट पुढच्या माणसाला अडचणीत आणते.

नूतनीकरण झालं की भाडं दुप्पट करायचा मोह होतो. तो टाळा. स्थानिक संस्था एकदा बाहेर पडल्या की लग्नाच्या हॉलवर किंवा शाळेच्या सभागृहात जातात आणि परत येत नाहीत. मग मधले वार कायमचे रिकामे.

पायरी ५: चालवणार कोण

पालिकेतला एखादा वरिष्ठ लिपिक व्यवस्थापक म्हणून येतो, वर्षभरात त्याला डिमर (उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि स्पॉट (एका जागी झोत टाकणारा दिवा) यांतला फरक कळू लागतो, आणि बदली होते. दुसऱ्या टोकाला, संपूर्ण रंगमंदिर ठेक्याने देऊन टाकण्याचा विचार निघतो. ठेकेदाराला जास्त भाडं देणारा कार्यक्रम हवा असतो. साहजिकच नाटक मागे पडतं आणि साड्यांचं प्रदर्शन पुढे येतं.

मला पटणारा मार्ग मधला आहे. मालकी आणि तारखांचा अधिकार पालिकेकडेच राहावा. सफाई, सुरक्षा, एसीची देखभाल हे ठेक्याने द्यावं, पण प्रत्येक कामाला स्वतंत्र करार असावा. व्यवस्थापक रंगभूमीची माहिती असलेला, करारावर, किमान पाच वर्षांसाठी असावा. त्याच्या हाताखाली एक प्रकाश तंत्रज्ञ आणि एक ध्वनी तंत्रज्ञ कायम हवेत. सल्लागार समितीत नाटकवाले, गायक-वादक, व्यापारी संघटनेचा प्रतिनिधी आणि प्रेक्षक अशी माणसं असावीत. समितीला तारखा वाटायचा अधिकार देऊ नका. तो आला की समितीतल्यांना फोन सुरू होतात.

रोजचं काम मात्र कागदावर बांधा. प्रयोगाच्या चार तास आधी स्वच्छतागृहं, रंगपटातले (कलाकारांच्या रंगभूषेच्या खोलीतले) आरसे आणि दिवे, पिण्याचं पाणी, एसी, मायक्रोफोन आणि बाहेर पडायची सगळी दारं तपासून सही. ही यादी रंगपटाच्या दारावर लावा. कलाकारांची तक्रार बहुतेक वेळा घाण स्वच्छतागृह आणि डास यांबद्दलच असते. त्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत, रोज कुणीतरी सही करून जबाबदारी घ्यावी लागते.

पायरी ६: आग

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. छत आणि रंगमंच जळून गेला. शंभरहून अधिक वर्षं उभी असलेली वास्तू एका रात्रीत राख होताना लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते. कोल्हापूरबाहेरच्या माझ्यासारख्यांनाही त्या रात्री झोप लागली नाही.

रंगमंदिरात लाकूड, कापड, रंग आणि तापणारे दिवे एकाच छताखाली असतात. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. पालिका इतरांना या नोटिसा काढते. तिच्या स्वतःच्या रंगमंदिराचं प्रमाणपत्र कुठे आहे ते आज विचारा. मिळालं तर ते तिकीट खिडकीशेजारी लावा.

कागदापलीकडेही काही पाहायचं असतं. रंगमंचाखाली आणि विंगेत (रंगमंचाच्या कडेच्या आडोशात) जुनी फळकुटं, नेपथ्याच्या चौकटी, कापड साठवू देऊ नका. पडदे आग न धरणारी प्रक्रिया केलेले घ्या. ती प्रक्रिया धुतल्यावर कमी होते, म्हणून ती केल्याची तारीख पडद्यावरच लिहून ठेवा. नवे एसी आणि दिवे बसवताना जुन्या वायरिंगवर किती भार आला, हे विद्युत निरीक्षकाकडून तपासून घ्या. प्रयोग संपल्यावर मुख्य स्विच कोण बंद करतो आणि रात्री पहारा कोण देतो, त्यांची नावं ठरलेली हवीत. प्रयोग चालू असताना फुकटे शिरतात म्हणून बाहेरच्या दारांना कुलूप लावण्याची सवय जिथे असेल तिथे ती आजच मोडा.

वास्तू जुनी असेल तर तिचं इंचाइंचाचं मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रं करून तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. उद्या काही झालं तर पुन्हा उभारणीचा आधार तोच. विमाही उतरवा, आणि तो पुनर्बांधणीच्या आजच्या खर्चाइतका.

पायरी ७: नूतनीकरण, पण दारं पूर्ण बंद न करता

आता कुठे बांधकामाचा विषय येतो. पहिला पैसा रंगमंचाच्या मागे घाला: रंगपट, स्वच्छतागृहं, नेपथ्याचा टेम्पो थेट मागच्या दाराला लागेल असा रस्ता, रंगमंचाचं फळ्यांचं तळ, दिव्यांचे बार. त्यानंतर ध्वनी, मग खुर्च्या, शेवटी दर्शनी भाग. निधी आला की क्रम उलटा होतो, कारण उद्घाटनाच्या फोटोत दर्शनी भाग दिसतो. रॅम्प, चाकाची खुर्ची लागेल अशी जागा आणि तसं स्वच्छतागृह ही २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाखालची जबाबदारी आहे. आराखड्यात ती पहिल्या दिवसापासून असावी.

दोन वर्षं पूर्ण बंद ठेवलेल्या रंगमंदिराचा प्रेक्षक विखुरतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहराचं उदाहरण मला फार धीर देतं. तिथल्या मध्यवस्तीत प्लेहाऊस स्क्वेअर भागात १९२१-२२ मध्ये बांधलेली भव्य थिएटरं १९६० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली आणि पुढे ती पाडायची वेळ आली. ती वाचवायला निघालेल्या लोकांकडे दुरुस्तीचा पैसा नव्हता. त्यांनी १९७३ मध्ये स्टेट थिएटरच्या ३२० फूट लांब लॉबीतच टेबलं मांडून एक छोटा संगीत कार्यक्रम सुरू केला. काही आठवडे चालेल असं धरलेला तो कार्यक्रम दोन वर्षांहून जास्त चालला. माणसं पुन्हा त्या रस्त्यावर येतात हे डोळ्यांनी दिसलं, मग पैसा आला, सरकारी मदत आली, आणि एकेक थिएटर उघडत गेलं.

आपल्याकडेही काम चालू असताना पायऱ्या, आवार, कलादालन किंवा शेजारच्या शाळेचं पटांगण वापरता येतं. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणार असाल तर रात्री दहाला थांबा. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, उघड्या जागेला एरवी नाही.

पायरी ८: प्रयोगाच्या आधी आणि नंतर, पेठेत

चारही फाइली इथे एका टेबलावर आणाव्या लागतात. आयुक्तांनी किंवा मुख्याधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा सगळ्या विभागांची अर्ध्या तासाची बैठक लावावी, विषय एकच: पुढच्या महिन्यातल्या प्रयोगांच्या रात्री.

दिवे आणि रिक्षा आधी. प्रयोगाच्या रात्री रंगमंदिरापासून बस थांब्यापर्यंतचा एक रस्ता पूर्ण उजळलेला हवा, सगळ्या गल्ल्या नसल्या तरी चालेल. शेवटची बस प्रयोग सुटल्यानंतर वीस मिनिटांनी सुटेल असं वेळापत्रक लावा. एकट्या येणाऱ्या बायका आणि गाडी न चालवणारे आजी-आजोबा मधल्या वारी नाटकाला येतील की नाही, हे त्या बसवर ठरतं.

खाण्यापिण्याच्या गाड्यांना हुसकावून लावू नका, त्यांना जागा आखून द्या. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाखाली शहर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. त्या समितीतूनच रंगमंदिराच्या परिसरात संध्याकाळचं विक्री क्षेत्र ठरवा: पाण्याचा नळ, कचऱ्याचे डबे, विजेची जोडणी आणि वेळ. भेळ, वडापाव, मसाला दूध, चहा मिळत असला की माणूस रेंगाळतो आणि शेजारचं दुकानही चालतं. मध्यंतरातला बटाटावडा मात्र आतल्या उपाहारगृहातच हवा. तो बिघडलेला असेल तर प्रेक्षक कितीतरी वर्षं आठवण काढतो.

रंगमंदिराखालचे गाळे ही दुसरी संधी. पालिकेची मिळकत बाजारभावापेक्षा कमी दराने देता येत नाही, महापालिका अधिनियमाचं कलम ७९ आडवं येतं, त्यामुळे ‘पुस्तकवाल्याला स्वस्तात द्या’ एवढं म्हणून भागत नाही. पण लिलावाच्या अटी ठरवणं पालिकेच्या हातात आहे. प्रयोगाच्या रात्री प्रयोग सुटेपर्यंत उघडं ठेवणं बंधनकारक, पोटभाडेकरू ठेवायला बंदी, आणि व्यवसायाचा प्रकार खाद्यपदार्थ, पुस्तकं, वाद्यं, भेटवस्तू अशांपैकी एक, असं लिहून लिलाव काढा. मुदत संपलेले गाळे एकेक करून याच अटींवर आणा. बाकी दुकानदारांना रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवायला २०१७ च्या दुकानांच्या कायद्यात सहसा अडचण नाही. अडचण असते ती गिऱ्हाईक न दिसण्याची.

वरचे ओस मजले तालमीसाठी मिळवा. नाटकवाल्यांना तालमीची जागा मिळत नाही, आणि घरमालकाला भाडेकरू कायमचा बसेल याची धास्ती असते. पालिकेने किंवा व्यापारी संघटनेने मध्यस्थ होऊन तासावर, रीतसर परवाना कराराने जागा मिळवून दिली तर दोघांचंही काम होतं. दहा तरुण मुलं रोज रात्री साडेसात ते दहा एका माडीवर तालीम करत असतील तर खालच्या चहावाल्याला रोजचं गिऱ्हाईक मिळतं आणि गल्लीत दिवा दिसतो. मला स्वतःला महोत्सवापेक्षा या तालमींचा भरवसा जास्त वाटतो.

पार्किंगसाठी जवळची सरकारी कार्यालयं आणि बँकांची आवारं संध्याकाळी सातनंतर रिकामीच असतात. त्यांच्याशी करार करा, तिकिटावरच तिथला नकाशा छापा, आणि गाडी मुद्दाम पाच मिनिटांच्या अंतरावर लावायला सांगा. माणसं पेठेतून चालत गेली तरच दुकानं बघतात.

पायरी ९: ठरलेला वार

वर्षातून एकदा मोठा महोत्सव भरवायचा आणि उरलेलं वर्ष अंधार, ही आपली जुनी सवय आहे. महोत्सवाच्या तीन दिवसांवर कुणी दुकानाची वेळ बदलत नाही. दुकानदार वेळ बदलतो ती दर आठवड्याला नक्की येणाऱ्या गर्दीसाठी. म्हणून एक वार धरा, गुरुवार म्हणा. दर गुरुवारी रंगमंदिरात काहीतरी असणारच: एक गुरुवार एकांकिका, एक शास्त्रीय किंवा नाट्यसंगीताची मैफल, एक अभिवाचन किंवा कीर्तन, एक नव्या नाटकाचा कमी भाड्याचा प्रयोग. तिकीट स्वस्त असू द्या, पण फुकट नको. फुकटच्या कार्यक्रमाला पाऊस आला की कुणी येत नाही. तिकिटं पेठेतल्या चार-पाच दुकानांतही मिळू द्या.

दुपारची रिकामी सत्रं शाळांना द्या. बालनाट्य पाहायला आलेलं मूल पुढच्या खेपेला आई-बापाला ओढून आणतं. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आपल्या शहरात असेल तर ते दोन-तीन आठवडे ही पेठेसाठी आयती संधी आहे. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन नुसत्या पूजेवर आटोपू नका. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्या आठवणीचा हा दिवस. त्या दिवशी रंगमंदिर सकाळपासून उघडं ठेवा, लोकांना रंगमंचावर, विंगेत, रंगपटात फिरू द्या. आपल्या कराच्या पैशाने चालणारी ही जागा आतून कधीच न पाहिलेली माणसं शहरात कितीतरी असतात.

पायरी १०: सहा महिन्यांनी पुन्हा डायरी

पाच आकडे पाहा: वापरात आलेली रात्रीची सत्रं, त्यातली सोमवार ते गुरुवारची, उशिरा रद्द झालेल्या तारखा, प्रयोगाच्या रात्री साडेनऊनंतर उघडी असलेली दुकानं, आणि शेवटच्या बसमधले प्रवासी. दुकानं मोजायला पुन्हा तीच माणसं पाठवा, त्याच गल्ल्यांतून, त्याच वेळेला.

रात्रीची सत्रं वाढली आणि दुकानं वाढली नाहीत, तर दोष दिवे, बस किंवा कळवण्याच्या पद्धतीत आहे, आठव्या पायरीवर परत जा. मधल्या वारची सत्रंच वाढली नसतील तर भाडं पाहा. आणि उशिरा रद्द होणाऱ्या तारखा कमी झाल्या नसतील, तर तारीख काढून घेतल्यास खर्च पालिका भरेल हे वाक्य ठरावातून कुणी वगळलं आहे का, ते इतिवृत्त मागवून तपासा.